रिकाम्या बॅगेचं वजन: स्वस्त विमानाच्या १५ अधिक ७ किलोंत सामान कसं बसवायचं

पुण्याच्या विमानतळावर बॅग काउंटरशेजारच्या पट्ट्यावर ठेवली आणि लाल आकडा उमटला: १८.४. तिकिटावर १५ होते. धाकट्या बहिणीचं बाळंतपण होतं, म्हणून मी बंगळुरूला निघाले होते. बॅगेत डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशेपा, तूप, लोणचं आणि आईनं जुन्या साड्यांची शिवलेली दुपटी. काउंटरवरची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, सामान कमी करा, नाहीतर जादा वजनाचे पैसे भरा." मागे वीस माणसांची रांग. मी तिथेच फरशीवर बसून बॅग उघडली. परकरांपासून डब्यांपर्यंत सगळ्या संसाराचं प्रदर्शन मांडून झाल्यावर लाडवांचा एक डबा हातातल्या बॅगेत कोंबला आणि उरलेल्या दोन किलोंचे पैसे भरले. त्या पैशांत किलोभर काजू आले असते.

परत आल्यावर तीच बॅग, तेच डबे, त्याच बरण्या रिकाम्या काट्यावर ठेवून पाहिल्या. कडक कवचाची बॅग ४.२ किलो. स्टीलचे चार डबे १.६ किलो. काचेच्या दोन बरण्या ९०० ग्रॅम. म्हणजे १८.४ पैकी ६.७ किलो मी नुसतं रिकामं वजन वाहत होते. खाऊ, कपडे, दुपटी सगळं मिळून ११.७ किलो. पुढच्या खेपेला कापडी बॅग (१.१ किलो), प्लास्टिकच्या जाड पिशव्या आणि हलक्या बरण्या घेतल्या. एकही लाडू कमी न करता तेच सामान १३ किलोंत बसलं.

"काय काय ठेवून जाऊ" हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याआधी "कशात भरून नेऊ" हा प्रश्न विचारायचा, एवढाच माझा आग्रह आहे.

तिकीट काढतानाच वजन बघा

देशांतर्गत प्रवासाला इंडिगो, अकासा, स्पाइसजेट यांच्या साध्या भाड्यात साधारणपणे १५ किलोंची चेक-इन बॅग (काउंटरवर द्यायची) आणि ७ किलोंची हातातली बॅग बसते. पण "साधारणपणे" या शब्दावर विसंबून घराबाहेर पडू नका. २०२१ साली डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, कंपन्यांना चेक-इन बॅगेशिवायचं स्वस्त तिकीट विकायला परवानगी दिली. एअर इंडिया एक्सप्रेसनं २०२४ साली 'एक्सप्रेस लाइट' नावानं तसं भाडं आणलं. तिकीट शोधायच्या संकेतस्थळावर सगळ्यात वर जे स्वस्त भाडं दिसतं, ते कधीकधी असलं बिनबॅगेचं असतं. हजार रुपये वाचवले म्हणून खूश व्हायचं आणि मग १५ किलोंची बॅग वेगळी विकत घ्यायची, असा तो व्यवहार होतो.

त्यामुळे भाडं निवडताना तीन गोष्टी तिथेच बघून घ्या: किती किलो, किती नग आणि हातातल्या बॅगेचं माप. नगांकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. इंडिगोच्या देशांतर्गत प्रवासात १५ किलो म्हणजे एकच नग. आठ किलोंची बॅग आणि सहा किलोंचा आंब्याचा खोका असे दोन नग दिले, तर वजन मर्यादेत असूनही दुसऱ्या नगाचे पैसे लागू शकतात.

हे पूर्वी इतकं महाग नव्हतं. २०१६ साली डीजीसीएनं १५ ते २० किलोंमधल्या जादा वजनाला किलोमागे १०० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती. विमान कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २०१७ साली दिल्ली उच्च न्यायालयानं ती मर्यादा रद्द केली. तेव्हापासून दर कंपनीच्या मर्जीवर आहे. आता विमानतळावर किलोमागे पाचशेच्या पुढेच बोलणी होतात. गुळाची ढेप विमानानं न्यायची असेल तर आधी हा भाव आठवा.

विद्यार्थी असाल तर विद्यार्थी भाडं जरूर बघा. इंडिगोसारख्या काही कंपन्या त्यात १० किलो जादा देतात. सैन्यदलातल्यांसाठीही वेगळी सवलत असते. ती तिकीट काढतानाच निवडावी लागते आणि ओळखपत्र बरोबर ठेवावं लागतं. काउंटरवर "मी विद्यार्थी आहे" असं सांगून काही होत नाही.

घरचा काटा आणि त्याची परीक्षा

बॅग लटकवून मोजायचा हातातला डिजिटल काटा तीन-चारशे रुपयांत मिळतो. जादा वजनाच्या एका किलोपेक्षा तो स्वस्त आहे. नसेल तर माणसाच्या वजनाचा काटा चालतो: आधी नुसते उभे राहा, मग बॅग उचलून उभे राहा, वजाबाकी करा. बॅग काट्यावर आडवी टाकून वजन घेऊ नका. ती जमिनीला टेकते आणि आकडा कमी येतो.

रद्दीवाल्याचा ताणकाटा मात्र कामाचा नाही. त्यावर सगळंच कमी भरतं हे आपण लहानपणापासून बघत आलो आहोत. रद्दीच्या वेळी तोटा आपला होतो, बॅगेच्या वेळी तर दुप्पट होईल.

काटा खरा आहे का, हे तपासायला पाच किलोंची गव्हाच्या पिठाची सीलबंद पिशवी लटकवा. पाच किलोंच्या किंचित वर आकडा आला तर ठीक. तेलाचा पाच लिटरचा कॅन वापरू नका. तेल पाण्याहून हलकं असतं, पाच लिटर तेल साडेचार किलोंच्या आसपास भरतं आणि उगाच काट्यावर संशय येतो.

घरच्या काट्यावर १४.५ आला की थांबा. दोन काट्यांत तीन-चारशे ग्रॅमचा फरक पडतोच. हातातल्या बॅगेसाठी ६.५.

बॅग निवडणं: इथेच निम्मी लढाई

दुकानात कवचाची बॅग बोटानं उचलून "किती हलकी!" म्हणू नका, तिच्या पट्टीवर छापलेलं वजन वाचा. माझ्या घरच्या आणि शेजारपाजारच्या बॅगा मोजल्या तेव्हा असं दिसलं: मोठी कवचाची बॅग साडेचार ते साडेपाच किलो, मधली साडेतीन ते साडेचार, विमानात न्यायची छोटी ट्रॉली अडीच ते तीन. चाकं नसलेली कापडी डफल बॅग एक किलोच्या आसपास. पाठीवरची साधी सॅक सहाशे ते नऊशे ग्रॅम.

आता हातातल्या सात किलोंचा हिशेब मांडा. ट्रॉलीचे तीन किलो गेले, लॅपटॉप आणि चार्जरचे दोन-सव्वादोन गेले. उरले पावणेदोन किलो. म्हणजे एक जीन्स, दोन शर्ट आणि पाण्याची रिकामी बाटली. तेच सॅकमध्ये भरलं तर चार किलो हातात उरतात. सात किलोंच्या मर्यादेत ट्रॉली म्हणजे चैन आहे, असं माझं मत झालं आहे. गुडघे किंवा पाठ दुखत असेल तर चाकं हवीतच. तेव्हा ट्रॉली चेक-इनला द्या आणि हातात फक्त औषधं, कागदपत्रं, मोबाइल ठेवा.

चाकांवाली मोठी बॅग हवीच असेल तर मऊ कापडाची, दोन चाकांची घ्या. कवचाच्या चार चाकांच्या बॅगेपेक्षा ती बहुधा किलोभर हलकी असते.

आणखी एक गोष्ट. 'केबिन साइज' असं लेबल लावून विकलेल्या बॅगेवर विश्वास ठेवू नका. इंडिगोचं माप ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर आहे, आणि त्यात चाकं, मूठ, पुढचा फुगलेला कप्पा सगळं धरलं जातं. दुकानदार बहुतेक वेळा चाकं सोडून मोजतो. शिवणकामाची टेप घेऊन स्वतः मोजा, आणि बॅग भरल्यावर पुन्हा मोजा.

डबे, बरण्या आणि पेढ्यांचे खोके

आपल्याकडे कोणाच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत, आणि खाऊ स्टीलच्या डब्यातच दिला जातो. डबा परत येतो तेव्हा त्यात त्यांच्याकडचं काहीतरी असतं. पद्धत छान आहे, पण ती एसटीच्या काळातली. विमानात मधल्या डब्याचे चारशे ग्रॅम म्हणजे दोनशे रुपये.

लाडू: मिठाईच्या दुकानातला पुठ्ठ्याचा खोका सत्तर-ऐंशी ग्रॅमचा असतो. त्यात लाडू एकाच थरात, मधल्या फटीत कागद, वरून चिकटपट्टी. खोका बॅगेच्या मध्यात, चारही बाजूंनी कपडे. बेसनाचे आणि डिंकाचे लाडू तग धरतात. रव्याचे ओलसर लाडू मात्र प्रवासात चेपतात, ते हातातल्या बॅगेत बरे.

चकली: उंच, तोंड मोठं असलेली प्लास्टिकची बरणी. पिशवीत भरलीत तर पोचल्यावर चकलीचा चिवडा खाल.

चिवडा, शेव: जाड पिशवीत, थोडी हवा ठेवून. ही मंडळी हलकी पण जागा खाणारी. वजन संपलं पण बॅग अर्धी रिकामी असेल, तेव्हाच यांना घ्या.

तूप आणि लोणचं: काच नको. झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, झाकणावर चिकटपट्टी, मग दोन पिशव्या, मग टॉवेल. ही सगळी कसरत चेक-इनच्या बॅगेसाठी. मिरचीचं लोणचं, लाल तिखट, गोडा मसाला हातातल्या बॅगेत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात. आईनं स्वतः कुटलेला मसाला कचऱ्याच्या डब्यात पडताना पाहण्यासारखं दुःख नाही.

सुकं खोबरं हा आपल्या घरातला सगळ्यात फसवा जिन्नस. खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि साठवणीत ते तापून आपोआप पेटू शकतं, म्हणून मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ते धोकादायक पदार्थांच्या यादीत आहे. त्याला स्वतःचा क्रमांकसुद्धा आहे: यूएन १३६३. खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत दिसल्या तर बॅग थांबवून उघडायला लावतात. म्हणून वाट्या नेऊ नका. खोबरं किसून, भाजून, लाडू वळूनच न्या. माझ्या लाडवांना आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. अख्खा नारळ हातातल्या बॅगेत चालत नाही. शिर्डीहून विमानानं परतणाऱ्यांनी प्रसादाचा नारळ आधीच फोडून वाटावा.

जे तिकडे मिळतं ते इकडून उचलू नका. बंगळुरूत, हैदराबादेत गूळ, पोहे, शेंगदाणे, साबुदाणा सगळं मिळतं. आईला हे पटवणं हा या लेखातला सगळ्यात कठीण टप्पा आहे. मी यादीत दोन रकाने करते: 'फक्त आपल्याकडचं' आणि 'तिथेही मिळतं'. पहिल्या रकान्यात शेवटी मेतकूट, गोडा मसाला आणि दुपटी एवढंच उरतं.

आंब्याच्या दिवसांत पाच डझनांची पेटी न्यायची हौस येते. अडीचशे ग्रॅमचा एक आंबा धरला तर डझनाला तीन किलो, पाच डझनांना पंधरा, आणि पेटीचं लाकूड वेगळं. एकट्या पेटीनं सगळी मर्यादा खाल्ली. दोन डझनांचा पुठ्ठ्याचा खोका घ्या, आंबे थोडे कच्चट घ्या आणि खोका वेगळा नग न करता रिकाम्या डफलमध्येच ठेवा.

कपडे आणि पुस्तकं

कपड्यांत सगळ्यात जड जीन्स, बूट आणि जरीच्या साड्या. जीन्स सहाशे ते आठशे ग्रॅम, धावायचे बूट जोडीला सातशेच्या पुढे, जरीची रेशमी साडी पाऊण ते एक किलो. लग्नाला चार साड्या नेल्या तर काठांसकट साडेतीन किलो तिथेच झाले. प्रवासात जड तेच अंगावर घाला: जीन्स, बूट, जॅकेट. सलवारीवर तीन कुडते चढवून फिरायची काही गरज नाही. सुरक्षा तपासणीत जॅकेट काढावं लागतं, तेव्हा खिशातल्या वस्तू जिथे आहेत तिथे लक्षात ठेवा.

हवा काढून कपडे चपटे करायच्या पिशव्या मिळतात. त्यांनी जागा वाचते, वजन एक ग्रॅमही कमी होत नाही. उलट जागा झाली म्हणून माणूस आणखी भरतो आणि काट्यावर पकडला जातो. वजनाची अडचण असताना या पिशव्या म्हणजे सापळाच.

पुस्तकं विमानात नेऊ नका. तीनशे पानांचं पुस्तक साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. टपाल खात्यानं मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं आहे. त्यात ३०० ग्रॅमपर्यंतचं पुस्तक २० रुपयांत आणि ५ किलोंपर्यंतचं पार्सल १०० रुपयांत जातं. शैक्षणिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी ती सोय आहे. नियतकालिकं त्यात बसत नाहीत, म्हणजे दिवाळी अंकांना साधं पार्सल किंवा कुरियर. पाच किलो पुस्तकं विमानानं नेली तर अडीच-तीन हजार, टपालानं शंभर. फक्त चार-आठ दिवस आधी टाकायची सवय हवी.

हातात काय, खाली काय

पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या बॅगेत सापडल्या तर तुम्हाला बोलावून बॅग उघडायला लावतात. १०० वॅट-अवरपर्यंतची पॉवर बँक चालते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-अवर होते, ती बसते. पॉवर बँकेवर आकडे पुसले गेले असतील तर ती घरी ठेवा.

दागिने, औषधं, चष्मा, किल्ल्या, मूळ कागदपत्रं हातात. हे वजनामुळे नाही, बॅग हरवली तर म्हणून.

भारतात सुरक्षेच्या नियमानुसार एका प्रवाशाला एकच हातबॅग. बायकांची पर्स, छत्री, बाळाच्या खाण्याची पिशवी अशा काही गोष्टी त्याशिवाय चालतात. इंडिगो पर्स किंवा छोट्या लॅपटॉप बॅगेला ३ किलोंपर्यंत मोकळीक देते. म्हणजे नीट मांडणी केली तर ७ अधिक ३. या तीन किलोंचा उपयोग फार थोडे लोक करतात. पर्स हातभर लांब नको, पण टोपल्याएवढी चालून जाते. चार्जर, कॅमेरा, एखादं पुस्तक आणि दीडशे ग्रॅमचा खाकरा तिच्यात घाला.

कोल्हापूर, नाशिक अशा ठिकाणांहून छोटी एटीआर विमानं उडतात. त्यांत डोक्यावरचे कप्पे लहान असतात आणि बॅग विमानाच्या शिडीशी घेऊन खाली ठेवली जाते. पैसे लागत नाहीत, पण लॅपटॉप, पॉवर बँक आणि औषधं त्या क्षणी बाहेर काढता आली पाहिजेत. त्यासाठी हे सगळं एका छोट्या पिशवीत ठेवून ती पिशवी बॅगेत सगळ्यात वर ठेवा.

जादा वजन आधीच विकत घ्यायचं का?

मर्यादेपेक्षा जास्त होणार हे पक्कं असेल तर होय, आणि घरबसल्या. ॲपवर ३, ५, १० अशा टप्प्यांत जादा किलो विकतात आणि ते काउंटरवरच्या दरापेक्षा कमीत पडतात. पण दोन किलोंसाठी तीनचा टप्पा घ्यायच्या आधी एकदा डबे बदलून बघा. पाच किंवा जास्त किलो हवे असतील तर जादा बॅगेसकटचं वरचं भाडंही बघा. कधीकधी तेच स्वस्त पडतं. विकत घ्यायची मुदत उड्डाणाच्या काही तास आधी संपते, तेव्हा रिक्षात बसल्यावर ॲप उघडू नका.

कुटुंब एकाच पीएनआरवर असेल तर चेक-इनचं वजन बहुतेक कंपन्या एकत्र धरतात. चौघांचे ६० किलो. मात्र नग चारच, आणि कोणतीही एक बॅग ३२ किलोंच्या वर नको, ती जगभर बहुतेक ठिकाणी नाकारतात. बॅगा उचलणाऱ्या माणसांच्या पाठीसाठी ती मर्यादा आहे. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर ही सोय नाही. तेव्हा मामा-मामींबरोबर जाताना "आपापलं काढू" म्हणू नका, एकत्र काढा. हातातल्या बॅगांना मात्र एकत्र वजन लागू होत नाही. तिथे प्रत्येकाचे सात.

काउंटरवर

दोन तास आधी पोचा. घाईत माणूस पैसे भरून मोकळा होतो.

रांगेत उभं राहायच्या आधी रिकाम्या काउंटरवर किंवा स्वतः बॅग टाकायच्या यंत्रावर वजन बघून घ्या. बॅगेत सगळ्यात वर अशी जड वस्तू ठेवा जी चटकन हलवता येईल: तुपाची बरणी नको, बुटांची जोडी. घडी घालून मुठीत मावणारी कापडी पिशवी बाहेरच्या कप्प्यात ठेवा. फरशीवर बसायची वेळ आली तर दोन मिनिटांत उठता आलं पाहिजे.

आकडा विचित्र वाटला तर पट्टा रिकामा असताना शून्य दाखवतो का ते बघा आणि शेजारच्या काट्यावर पुन्हा वजन करायला सांगा. तसं सांगायला हरकत नाही, पण आवाज चढवू नका. तीनशे-चारशे ग्रॅम वर असेल तर बरेच जण सोडून देतात. ते समोरच्याच्या मनावर असतं, आणि ज्याच्याशी आधीच्या प्रवाशानं भांडण केलंय त्याचं मन कसं असेल ते सांगायला नको.

घरून वेब चेक-इन करून फक्त हातातली बॅग घेऊन गेलात तर काउंटर टळतो, तपासणी टळत नाही. ती गेटवर होते. तिथे बॅग खाली द्यायला लावली तर मार्ग बंद असतात: परत जाऊन डफल आणता येत नाही, पैसे मात्र पूर्ण लागतात.

परदेशी निघालात तर

अमेरिकेसारख्या ठिकाणी नगांचा हिशेब चालतो: २३ किलोंच्या दोन बॅगा. एक २६ आणि दुसरी १९ असेल तर एकूण ४५ होतात, तरी २६वालीचे जादा पैसे लागतात. दोन्ही बॅगा वेगवेगळ्या तोला.

त्याहून मोठा खड्डा नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूरकडच्या लोकांसाठी आहे. मुंबईहून अमेरिकेचं तिकीट ४६ किलोंचं, आणि नागपूर-मुंबई वेगळं काढलेलं स्वस्त विमान १५ किलोंचं. पहिल्याच काउंटरवर ३१ किलो जादा! दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या म्हणजे सहसा मोठी मर्यादा पूर्ण प्रवासाला लागते. ते जमत नसेल तर विमान कंपनीकडे आंतरराष्ट्रीय जोडप्रवासासाठी वेगळे दर आहेत का ते विचारा. सगळ्यात स्वस्त म्हणजे विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला या आणि दादरला काकांकडे एक रात्र राहा.

आखातात जाणाऱ्यांना मर्यादा जास्त मिळते, तिकिटावर किती ते बघा. अडचण परतीच्या प्रवासात येते. रत्नागिरी-रायगडकडच्या घरांनी वर्षानुवर्षं ब्लँकेट आणि दुधाच्या पावडरीचे डबे दोरीनं बांधलेल्या खोक्यांतून आणलेत. दुबई विमानतळानं मार्च २०१७ पासून गोल किंवा वेड्यावाकड्या आकाराच्या, एकही सपाट बाजू नसलेल्या सामानाला मनाई केली, कारण ते पट्ट्यावर अडकतं. ब्लँकेटची गुंडाळी चौकोनी खोक्यात किंवा बॅगेत घाला.

युरोपात शिकणाऱ्या मुलांनो, तुमचा नियम उलटा आहे. आपल्याकडे आणि आग्नेय आशियात वजन करतात. एअरएशियाच्या साध्या भाड्यात दोन हातनग मिळून सात किलो. रायनएअरमध्ये फुकटच्या छोट्या बॅगेचं वजन कोणी विचारत नाही, माप विचारतात: ४० × ३० × २० सेंटिमीटर. गेटवर लोखंडी चौकट असते, त्यात बॅग बसली तर बसली. तिथे कवचाची बॅग नकोच, दाबली की आत जाणारी सॅक हवी.

द्रवपदार्थ आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या बाटल्यांपर्यंतच. तूप आणि मध यातच येतात.

शेवटचं किलो

परतीसाठी दोन-तीन किलो मोकळे ठेवा, किंवा रिकामी डफल बॅगेत घडी करून न्या. जाताना खाऊ संपतो, येताना त्याच जागेत म्हैसूरपाक येतो.

आणि निघतानाही आदल्या रात्री १४.५ न करता १३.५ वरच थांबा. चिकटपट्टी लावू नका, चेन बंद करून फक्त बाजूला ठेवा. सकाळी रिक्षा दारात आल्यावर आई आतून एक पिशवी घेऊन येते. ओटीचे तांदूळ, सुपारी, नारळ, आणि "हे एवढंसंच आहे, कुठेही मावेल" म्हणून पाव किलो शेंगदाण्याची चटणी. नारळ चेक-इनच्या बॅगेत कपड्यांच्या घडीत, चटणी त्याच्या शेजारी. वजन १४.६ भरतं.